कॉटमधून पलंगावर: आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळला मी चौदा वर्षं पाळणाघर चालवते आहे. दीड ते चार वर्षांची मुलं येतात. दुपारी दीडला हॉलमध्ये गाद्या पडतात आणि तीनपर्यंत सगळं शांत असतं. संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले आईबाबा चपला घालता घालता जे विचारतात, त्यातला एक विषय दर दोन-तीन महिन्यांनी येतोच: मूल कॉटमध्ये मावत नाही, आता काय करायचं? दारात उभ्या उभ्या पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहून काढलं आहे.

शब्दाचा घोळ आधी मिटवते. आपल्या घरांत कॉट म्हणजे आजोबांची लोखंडी खाटसुद्धा असते. इथे कॉट म्हणजे चारही बाजूंनी कठडा असलेली लहान बाळाची खाट, जिला कोणी क्रिब म्हणतं, कोणी नुसतंच पाळणा.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आईबाबांना भीती असते ती मूल पलंगावरून पडेल याची. मला भीती असते ती पलंगावरून उतरलेलं मूल पुढे कुठे जाईल याची. कॉटचा कठडा काढलात, की त्याचं काम खोलीच्या खिडकीने, दाराने आणि बाथरूमच्या कडीने करायचं असतं.

कोणत्या वयात हलवायचं?

साधारण दीड ते साडेतीन वर्षांच्या मधे कधीतरी. पण वयापेक्षा उंची बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा ठोकताळा मला सोपा वाटतो: मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर झाली, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीपर्यंतच येऊ लागला, की कॉट संपली. मग वय काहीही असो.

मूल अजून बुटकं असेल, चढत नसेल, छान झोपत असेल, तर घाई करू नका. शेजारची मुलगी दोन वर्षांची असून पलंगावर झोपते, हे काही कारण नव्हे. ‘उतरायचं नाही’ असं दोन वर्षांच्या मुलाला सांगितलं तर ते मान डोलावतं आणि दोन मिनिटांनी उतरतं. ते ऐकत नाही असं नसतं, एवढा वेळ नियम धरून ठेवायची ताकद त्या वयात नसते. कठडा ती ताकद उसनी देतो. जमत असेल तर तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपासपर्यंत थांबावं, असं माझं मत आहे.

काल रात्री मूल कठड्यावरून चढून बाहेर आलं. आज काय करू?

कॉटमधली मोठी खेळणी, लोड, जाड उशी आजच बाहेर काढा, कारण त्यांचीच पायरी होते. गादीची पातळी खाली करता येत असेल तर सगळ्यात खालच्या खाचेत न्या. एवढं करूनही ते चढलं, तर त्या रात्रीपासून गादी जमिनीवर. नवा पलंग यायला तीन आठवडे असले तरी तोवर कॉटमध्ये ठेवू नका. कठड्यावर पोट टेकवून पलीकडे कलंडलेलं मूल डोक्यावर पडतं, आणि ही उंची पलंगापेक्षा बरीच जास्त असते.

जमिनीवरच गादी घातली तर चालेल का? लोक काय म्हणतील?

चालेल नव्हे, मला विचाराल तर सगळ्यात उत्तम. आपल्या दोन पिढ्या सतरंजीवर गादी टाकून ओळीने झोपल्या. माझ्या पाळणाघरात एकही पलंग नाही. चार इंचांच्या गादीवरून लोळून खाली आलेलं मूल बहुतेक वेळा जागंही होत नाही. मी जाऊन उचलते, परत गादीवर ठेवते, दुपटं ओढते.

काळजी घ्यायची ती ओलीची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर फरशी पाझरल्यासारखी गार आणि दमट असते. तळमजल्याच्या घरांत तर जास्तच. गादी रात्रंदिवस तिथेच पडून राहिली तर खालच्या बाजूला काळे ठिपके धरतात, वास येतो, आणि ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांचा खोकला वाढतो. रोज सकाळी गादी उचलून भिंतीशी उभी करा, खाली सतरंजी किंवा चटई घाला, ऊन पडेल त्या दिवशी उन्हात टाका. काथ्याची गादी भिजली तर वाळायला फार वेळ घेते. रात्रीचं दूध गादीवर पाजू नका, सांडलेल्या दोन थेंबांवर पहाटेपर्यंत मुंग्यांची रांग लागते.

पलंग घ्यायचाच आहे. कसा घेऊ?

बुटका. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत उंची मोजा, नुसत्या पलंगाची नव्हे. दुकानात पलंग बुटका दिसतो आणि घरी त्यावर आठ इंचांची गादी चढली की मुलाच्या छातीला येतो. लहान मुलाला चार-पाच इंचांची, जरा कडक गादी पुरते.

माप साधं सहा बाय तीनचं ठेवा. गाडीच्या किंवा राजवाड्याच्या आकाराचे पलंग दोन-तीन वर्षांत लहान पडतात आणि त्यांच्या मापाची चादरही मिळत नाही. सुताराकडून करून घेणार असाल तर कोपरे गोल करायला सांगा. तयार बघायचे तर आपल्या भागातली माणसं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जातात, किंवा २०२० च्या डिसेंबरात तुर्भ्याला उघडलेल्या आयकियात. कुठेही गेलात तरी मूल बरोबर न्या आणि त्याला स्वतःहून चढू-उतरू द्या. पाय जमिनीला टेकायच्या आधी ते लोंबकळत असेल, तर तो पलंग त्याच्यासाठी उंच आहे.

दोन गोष्टी टाळा. खाली सामान ठेवायचा बॉक्स पलंग असेल तर त्याची वर उचलायची फळी मुलाच्या हाताला लागता कामा नये, ती जड असते आणि बोटांवर किंवा मानेवर आपटू शकते. दुसरं, दुमजली पलंग. जागा वाचते हे खरं, पण वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल झोपवायचं नाही.

पलंगाला कठडा लावावा का?

लावला तर नीट लावा, नाहीतर लावूच नका. बाजारात मिळणारे सुटे कठडे गादीखाली दांडे सरकवून बसवायचे असतात. महिन्याभरात ते सैल होतात आणि गादी व कठडा यांच्यात फट पडते. त्या फटीतून मुलाचं अंग खाली सरकतं आणि डोकं अडकतं. हा धोका पडण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणूनच दोन वर्षांखालच्या मुलाला सुटा कठडा नको.

दर आठवड्याला गादी मुठीने जोरात दाबून आणि कठडा बाहेर ढकलून बघा. हात आत गेला तर कठडा काढून ठेवा. तो गादीच्या वर किमान पाच इंच आला पाहिजे. पलंग आणि भिंत यांच्यातल्या फटीलाही हेच लागू आहे. पलंग भिंतीला घट्ट टेकवा, नाहीतर चांगला फूटभर लांब ठेवा. मधलं अंतर, जिथे मूल घसरून अडकेल, ते नको.

कठड्याऐवजी लोड आणि तक्के लावणारी घरं पुष्कळ आहेत. झोपलेल्या मुलाला लोड अडवतो, जागं झालेलं मूल त्यावर चढून उभं राहतं आणि मग आणखी उंचावरून पडतं. त्यापेक्षा पलंगाच्या कडेला खाली एक जुनी गादी टाकून ठेवा.

खोलीत पलंग कुठे ठेवू?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून मीच विचारते: तुमच्या खोलीत पलंग खिडकीखाली आहे का?

बहुतेकदा आहे, कारण आपल्या खोल्या दहा बाय दहाच्या. एका भिंतीला कपाट, एका भिंतीला दार, एका बाजूला बाथरूम. पलंगाला उरते ती खिडकीची भिंत. तिथे वाराही येतो. मोठ्या माणसासाठी ती झोपायची सगळ्यात चांगली जागा, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी तोच पलंग म्हणजे खिडकीपर्यंत जाणारा जिना.

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरांत खिडक्या लांबरुंद आणि कट्टा बुटका असतो. पलंगावर उभं राहिलेल्या मुलाच्या तो गुडघ्याला येतो. अशा खिडकीला बरेचदा नुसती सरकती काच आणि डासांची जाळी असते. डासांची जाळी डास अडवते, मुलाचा भार अडवत नाही. तिला टेकून बाहेर बघणारं मूल जाळीसकट जाऊ शकतं. हे वाक्य मी दर वर्षी नव्या पालकांना पुन्हा पुन्हा ऐकवते.

जुन्या सिडकोच्या इमारतींत वेगळाच प्रकार. लोखंडी ग्रिल असतं, पण ते बाहेर काढलेलं, पेटीसारखं. त्यात तुळस, कुंड्या, जुने डबे, कधी वॉशिंग मशीनचं खोकं. मूल पलंगावरून कट्ट्यावर आणि कट्ट्यावरून त्या पेटीत जाऊन बसतं. पेटीचा तळ किती गंजला आहे, हे कुंडीखालून कोणी बघितलेलं नसतं.

तेव्हा शक्य तिथे पलंग खिडकीपासून हलवा, कपाट तिकडे सरकवावं लागलं तरी. हलतच नसेल तर खिडकीला आतून ग्रिल किंवा तारांचं कुंपण बसवा. दोन गजांतलं किंवा तारांतलं अंतर चार इंचांपेक्षा, म्हणजे दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवं, आणि गज उभे हवेत. आडवे गज म्हणजे शिडी. सरकत्या काचेलाही अडथळा बसवता येतो, म्हणजे ती चार इंचांच्या पुढे उघडत नाही. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून ग्रिलला उघडणारा भाग ठेवा. त्याची किल्ली मुलाच्या हाताला न लागेल पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असेल अशा ठिकाणी टांगा.

खिडकी झाली की मुलाच्या पलंगावर स्वतः आडवे व्हा आणि हात लांब करून बघा काय काय लागतं. पडद्याची किंवा ब्लाइंडची दोरी? ती गळ्यात अडकते, उंच बांधून टाका. डासांच्या औषधाचं मशीन? दुसऱ्या प्लगला लावा. नंतर गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरा. पुस्तकांचं कपाट, खणांचं टेबल, टीव्हीचं युनिट भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं नसेल, तर सुताराला बोलवा. खण उघडून त्यावर पाय देऊन चढणं हा या वयाचा आवडता खेळ आहे, आणि सगळे खण उघडले की कपाट पुढे कलतं.

रात्री एकटंच उठून घरभर फिरलं तर?

फिरणारच. त्यासाठी घर तयार ठेवायचं.

माझी धाकटी अडीच वर्षांची असताना आम्ही तिला पलंगावर झोपवायला लागलो. तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, दार ढकललं आणि दाराची खालची कडी खेळता खेळता सरकवली. मी बाहेर, ती आत. सरकवता आली तशी तिला ती उघडता येईना. दाराखालच्या फटीतून तिची चार बोटं बाहेर आली होती. मी फरशीवर पालथी पडून ती बोटं धरून बसले आणि नवरा शेजारच्या विंगमधल्या सुताराला उठवायला धावला. त्यांनी पटाशीने फळी फोडून कडी काढली, तोवर पाऊण तास गेला. खिडकीला आतून ग्रिल होतं म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहिला. त्या दिवशी मुलांच्या खोलीच्या आतल्या सगळ्या कड्या आम्ही काढून टाकल्या. स्क्रूची भोकं अजून त्या दाराला आहेत.

तुम्हीही तेच करा. मुलाच्या खोलीला आतून कडी नको, दाबून बंद होणारं बटणाचं कुलूपही नको. बाहेरूनही कुलूप लावू नका. आग, भूकंप, उलटी, काहीही झालं तर मूल बाहेर येऊ शकलं पाहिजे. दाराला फाटक बसवता येतं, पण तेही तुम्हाला एका हाताने उघडता आलं पाहिजे.

घराच्या मुख्य दाराला वरची कडी लावून झोपा. नुसतं लॅच मुलं फिरवून उघडतात. गॅसचा रेग्युलेटर बंद करा.

आणि बाथरूम. ज्या इमारतींत पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, तिथे रात्रीच बादल्या आणि पिंप भरून ठेवायची पद्धत आहे. लहान मूल बादलीत वाकलं की डोक्याच्या वजनाने उलटं होतं आणि त्याला परत वर येता येत नाही. अगदी काही इंच पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. बाथरूमच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी बसवा आणि शेवटी झोपणाऱ्या माणसाने ती लावायची, असा घराचा नियमच करा. आधी मला हे जास्तीचं वाटायचं, आता वाटत नाही.

आमचं वन बीएचके आहे. वेगळी खोली कुठून आणू?

वेगळी खोली लागतच नाही. वेगळा पलंग आणि वेगळी खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पलंगाशेजारी त्याची गादी घाला, इतकंच. रात्री हात खाली सोडला की त्याच्या पोटावर पडेल, असं अंतर असलं की मुलं फार लवकर रुळतात.

आजीच्या खोलीत झोपवणार असाल तर आजीच्या उशीखाली, स्टुलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेल्या गोळ्या आधी हलवा. बीपीची किंवा साखरेची एक गोळीसुद्धा लहान मुलाला दवाखान्यात पोचवू शकते. आजीला दुखावू नका. तिच्यासाठी कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपाचा डबा करा आणि गोळी द्यायची वेळ तुम्ही सांभाळा.

सासूबाई म्हणतात, “आमची पोरं आमच्याच कुशीत वाढली, ही कसली थेरं?”

त्यांचं म्हणणं चूक नाही. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात झोपवणं धोक्याचं असतं, कारण त्याला मान वळवता येत नाही, तोंडावरचं पांघरूण काढता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या धडधाकट मुलाला ते सगळं येतं. ते तुमच्याजवळ झोपलं आणि सगळ्यांची झोप होते आहे, तर तो तुमच्या घराचा प्रश्न, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण कोणाची तरी झोप होत नसेल, लाथा खाऊन बाबा हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन झोपत असतील, तर वेगळी गादी करा. सासूबाईंना हेच कारण सांगा. पुस्तकात लिहिलंय म्हणून सांगितलंत तर त्या ऐकणार नाहीत, “ह्यांची कंबर धरलीय हो आई” म्हणालात तर लगेच ऐकतील. आणि मुलाची नवी चादर त्यांनाच निवडू द्या.

पहिली रात्र कशी काढायची?

पहिली रात्र नको, पहिली दुपार घ्या. चार-पाच दिवस फक्त दुपारची झोप नव्या पलंगावर, रात्री जुनी कॉट. जागा ओळखीची झाली की रात्रीही तिथे.

जुनं दुपटं, जुनी गोधडी, तोच लाडका ससा, तोच झिरोचा बल्ब. जागा बदलताना बाकी काहीही बदलू नका. नवी उशी, नवी चादर, नवी खोली, नवा दिवा, सगळं एकाच दिवशी आणलं की मुलाला हक्काचं काहीच उरत नाही. आंघोळ किंवा हातपाय धुणं, दूध, दात घासणं, एक गोष्ट, थोपटणं, याच क्रमाने रोज. झोपायच्या आधीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद. एरवीही, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

झोप किती हवी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला हिशेब असा: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास, तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. साडेदहाला झोपून सातला उठणारं मूल दुपारीही झोपलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची चिडचिड होणारच. तो पलंगाचा दोष नव्हे.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे लोकल. बाबा साडेनऊला घरी पोचतात, मूल डोळे ताणून वाट बघत असतं, आणि ते आले की उड्या सुरू होतात. ते आल्यावर खेळ नको, शेवटची गोष्ट आणि थोपटणं त्यांच्याकडे द्या. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे ठाण्याचे बाबा रोज एकच गोष्ट सांगतात: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी. चौदा डबे आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध, सुलतान. मूल डोळे मिटून इंजिनांची नावं म्हणतं, बाबा डबे मोजतात. सात-आठ डब्यांपुढे गाडी क्वचितच जाते.

दर दहा मिनिटांनी उठून आमच्याकडे येते. काय करू?

हात धरून परत न्या. रागावू नका, समजावत बसू नका, दिवा लावू नका, कडेवर घेऊन बाल्कनीत चक्कर नको. “झोपायची वेळ झाली बाळा,” एवढंच, आणि दर वेळी तेच शब्द. पहिल्या रात्री पंधरा-वीस फेऱ्या होऊ शकतात. दुसऱ्या रात्री कधी कधी वाढतातही. बहुतेक मुलं आठवड्या-दीड आठवड्यात सोडून देतात, पण घरातल्या सगळ्यांनी एकच वागलं तर. आईने परत नेलं आणि आजोबांनी बिस्किट दिलं, की मूल आजोबांच्या दिशेने फेऱ्या मारायला लागतं.

बागुलबुवा येईल, पोलिसकाका नेतील, असलं काही सांगू नका. अंधारात एकटं झोपायला शिकणाऱ्या मुलाच्या खोलीत आपणच कोणाला तरी आणून बसवतो. भीती वाटते म्हणाली तर खरं माना, दिवा थोडा वाढवा, दार उघडं ठेवा, दोन मिनिटं जमिनीवर शेजारी बसा.

ताप, दात येणं, सर्दी असेल तर नियम बाजूला. बरं वाटल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं बाळ येणार आहे आणि कॉट एकच आहे.

बाळ यायच्या निदान दोन महिने आधी मोठ्याला हलवा, किंवा मग बाळ आल्यावर चार-सहा महिन्यांनी. अगदी मधे नको. माहेरी बाळंतपण असेल तर आणखी एक बदल त्यात मिळतो, तोही धरून हिशेब करा. मधल्या काळात कॉट आवरून ठेवा, नजरेआड. काल माझी असलेली कॉट आज बारशाला फुगे लावून दुसऱ्याला दिली, हे मोठ्याच्या मनाला लागतं. नवं बाळ पहिले महिने लहान पाळण्यातही झोपू शकतं, किंवा एखाद्या बहिणीकडून कॉट उसनी मिळते का बघा.

जूनमध्ये नर्सरी सुरू होणार असेल, शू सांगायला शिकवत असाल, घर बदलत असाल, तर एका वेळी एकच काम काढा.

पलंगावरून पडलं तर?

बुटक्या पलंगावरून पडून मुलं बहुधा घाबरतात, टेंगूळ येतं, जवळ घेतलं की शांत होतात. मात्र बेशुद्ध पडलं, एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली, नेहमीपेक्षा सुस्त झालं किंवा उठवूनही नीट उठेना, झटका आला, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, हात-पाय हलवेना, तर वाट न बघता दवाखाना गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. डोक्याला जोरात मार असेल तर मान हलू देऊ नका.

रात्री शू होते, नवी गादी खराब होईल.

गादीवर रबर शीट, त्यावर सुती चादर घट्ट खोचलेली. अशा दोन जोड्या एकावर एक घाला, म्हणजे मध्यरात्री वरची ओढून काढली की खालची तयार असते. रात्रीची शू थांबायला दिवसाच्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, कधी वर्षं. त्यावरून मुलाला बोलू नका.

डास आणि मच्छरदाणीचं काय?

छत्रीसारखी उघडमिट होणारी मच्छरदाणी आता पुरत नाही, मूल ती डोक्याने ढकलून बाहेर येतं. पूर्ण पलंगाची, गादीखाली चारही बाजूंनी खोचता येणारी घ्या, आणि तिच्या दोऱ्या मुलाच्या हाताला येणार नाहीत अशा उंच बांधा. दुपारीही लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

दोऱ्यांवरून आठवलं. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी झोपताना काढून ठेवा. पलंगाच्या कोपऱ्यात किंवा कठड्यात अडकली तर गळ्याला फास बसतो. दृष्टीसाठी हवंच असेल तर पायात बांधा, सैल नको.

हलवलं आणि पस्तावलो. परत कॉटमध्ये ठेवू?

चढत नसेल आणि उंची बसत असेल, तर जरूर ठेवा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा. चढत असेल तर परत नाही, मग जमिनीवरची गादी.

जुन्या कॉटचं काय करायचं?

मुलाला विचारल्याशिवाय देऊन टाकू नका. आठवडाभर खोलीच्या कोपऱ्यात राहू द्या, त्यात तो त्याच्या अस्वलाला झोपवेल. मग त्याच्यासमोर आवरा.

कोणाला देणार असाल तर आधी तपासा. गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, एखादा गज हलत असेल, तर देऊ नका. एक बाजू वर-खाली सरकणारी कॉटही देऊ नका. त्या बाजूच्या खिट्ट्या झिजून फट पडते आणि बाळ अडकतं, म्हणून अमेरिकेने २०११ मध्ये अशा कॉट विकायलाच बंदी घातली. चांगली असेल तर सोडताना सगळे स्क्रू आणि जोडणीचा पाना एका डबीत घाला, ती डबी कापडात गुंडाळून कॉटच्या एका पायाला पक्की बांधा. पुढच्या घरात एखादा स्क्रू कमी पडला, तर तिथे लोक सुतळी बांधून काम भागवतात.